यारी आणि पारडें

गेल्या वैशाखांत आमच्या एका पुतणीचें लग्न उमरीस झालें. गोरज मुहूर्त होता. मंगलाष्टकें चाललीं असतां आमच्या मस्तकांवरून एक लांब काळा दांडा सावकाश सरकत गेला, वधूवरांच्या वर जाऊन क्षणभर थबकला, आणि अंतरपाट दूर होतांच हलकेच खालीं उतरूं लागला. दांड्याच्या टोंकाला कॅमेरा होता. मांडवांतील निम्म्या मंडळींनीं अक्षता मुठींत तशाच ठेवून माना वर केल्या. या यंत्रास हल्लीं लग्नघरांत 'जिमी जिब' म्हणतात, आणि वाजंत्री ठरविण्याच्या वेळींच त्याचाही दर ठरवून टाकतात. त्या दिवशीं 'वरून घ्या, अजून वरून घ्या' असें चित्रण करणाऱ्या पोरांस सांगणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींत आम्हीही होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

अक्षता पडल्या आणि पंगतींची गडबड सुरू झाली. पंगतींचें चित्र हातीं कॅमेरा घेऊनच काढावयाचें असतें, म्हणून दोघां पोरांपैकीं एकानें दांड्याच्या टोंकाचा कॅमेरा सोडविला. दुसरा पाणी पिण्यास गेला होता. दांड्याच्या मागच्या टोंकास, व्यायामशाळेंत असतात तशा, लोखंडी चकत्या अडकविलेल्या होत्या. कॅमेरा सुटतांच त्या धाडकन खालीं आदळल्या. पुढचें टोंक उसळून वर गेलें, आणि मांडवाच्या झालरीचा एक लांबट तुकडा घेऊन तेथेंच डोलत राहिलें. चकत्या जेथें पडल्या तेथें मिनिटभरापूर्वीं तीन मुलें लपंडाव खेळत होतीं. एका वृद्ध गृहस्थांनीं त्यांस नुकतेंच तेथून हुसकून लावलें होतें.

'कोणास लागलें नाहीं ना?' एवढें सर्वांनीं विचारलें, त्या पोरास चार शब्द सुनावले, आणि पानें वाढलीं गेलीं. आम्ही त्या वृद्ध गृहस्थांच्या शेजारीं पाटावर जाऊन बसलों. उमरीच्या कापसाच्या बाजारांत उमेदीचीं सारीं वर्षें त्यांनीं मापाडी म्हणून घालविलीं. गांवांत लहानथोर त्यांस 'मामा' म्हणतात. 'मामा, तुम्हांस आधींच कसें कळलें?' असें आम्हीं विचारलें. भाताचें आळें करतां करतां ते म्हणाले, 'सर, हा काटाच हाय की. माल उचलायच्या आधी वजनं उतरवायची, नाहीतर पारडं पायावर येतंय. ती पोरं माल आधी काढाया लागली, म्हणून म्या लेकरं हाकलली.'

आम्ही तीस वर्षें इतिहास शिकवीत आलों, आणि चित्रपटाचा इतिहास हा आमचा फावल्या वेळचा नाद आहे. पण कॅमेऱ्याच्या यारीविषयीं जें जें आमच्या वाचनांत आलें होतें, त्यांत मामांच्या या वाक्याइतकें मुद्द्याचें वाक्य आम्हांस आठवेना. त्या इतिहासांत उंच गेलेल्या कॅमेऱ्याची वाखाणणी पुष्कळ असते. खालच्या पारड्यापाशीं उभ्या राहिलेल्या माणसाचा उल्लेख कचितच. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठीं आहे.

उमरीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुण्यामुंबईच्या वाचकांस हें गांव कोठें आहे हेंही ठाऊक नसण्याचा संभव आहे. नांदेड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण मुदखेडाहून धर्माबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर लागतें. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासांत त्याचें नांव येतें तें ३० जानेवारी १९४८ रोजीं येथील बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनीं घातलेल्या छाप्यामुळें. त्याच दिवशीं सायंकाळीं दिल्लीस महात्माजींची हत्या झाली, आणि मागोमाग उसळलेल्या दंगलींत कोल्हापुरास भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. उमरी आणि कोल्हापूरचा चित्रपटव्यवसाय यांची नांवें एका तारखेखालीं यावीं हा विलक्षण योगायोग खरा. पण तो विषय वेगळा आहे.

'क्रेन' हें इंग्रजी नांव मूळचें पक्ष्याचें. लांब मान पुढें काढून पाण्यांतून हवें तें उचलणाऱ्या क्रौंचाचें नांव ओझें उचलणाऱ्या यंत्रास मिळालें. आपल्याकडे त्यास 'यारी' म्हणतात. यारी म्हणजे स्नेह, दोस्ती असाही अर्थ आहे. या दोन अर्थांचा एकमेकांशीं व्युत्पत्तीनें संबंध लावण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु कॅमेऱ्याच्या यारीपुरतें पाहिलें तर दोन्ही अर्थ एकाच जागीं लागू पडतात. हें यंत्र म्हणजे दोन टोंकांची दोस्ती होय. बंदरावरची यारी दोरखंडानें आणि एंजिनाच्या बळानें माल वर ओढते. कॅमेऱ्याची यारी कांहीं ओढीत नाहीं, ती तोलते. तिचें शास्त्र तरफेचें, म्हणजे आर्किमिडीजच्याही पूर्वीं मिसरी शेतकऱ्यानें नाईलचें पाणी उपसण्यासाठीं आडव्या लाकडाच्या एका टोंकास बादली आणि दुसऱ्या टोंकास मातीचा गोळा बांधला, त्या दिवसापासूनचें आहे.

हिशेब सोपा आहे. टेंकूपासून पुढचा दांडा ६ मीटर आणि मागचा दीड मीटर धरूं. पुढें कॅमेरा आणि त्यास फिरविणारी यंत्रणा मिळून २० किलो असलीं, तर मागें ८० किलो वजन टांगावें लागतें. शिवाय लांब दांड्याच्या स्वतःच्या भारासाठीं आणखी थोडें. तोल बरोबर साधला कीं हें सारें धूड एका बोटानें वर जातें आणि एका बोटानें खालीं येतें. पाहणारास यंत्र हलकें झाल्याचा भास होतो, आणि धोका आहे तो याच भासांत. यंत्र हलकें झालेलें नसतें. दोन जड वस्तूंनीं एकमेकींस धरून ठेविलेलें असतें. पुढचे २० किलो काढून घेतले कीं मागचे ८० किलो मोकळे होतात, आणि ते एक हात खालीं आले तर पुढचें टोंक चार हात वर उडतें. उमरीच्या मांडवांत झालें तें एवढेंच.

चित्रपटाच्या आरंभकाळीं या कशाचीच गरज नव्हती, कारण कॅमेरा जागचा हलत नसे. १८९६ सालीं ल्युमिएर बंधूंच्या प्रोमिओ नांवाच्या चित्रकानें व्हेनिस शहरीं कॅमेरा नावेंत ठेवून कालव्याकांठचे वाडे टिपले, तेव्हां तेवढीच गोष्ट नवलाची ठरली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस लोकांपुढें आला. त्यांतील कॅमेरा नाटकगृहांत पैसे देऊन खुर्ची धरलेल्या सभ्य प्रेक्षकासारखा एका जागीं बसून समोरचें पाहतो. त्याच सुमारास इटलींत पास्त्रोने या दिग्दर्शकानें चाकांच्या गाड्यावर कॅमेरा चढविला आणि 'कॅबिरिया' या १९१४ सालच्या चित्रपटांत तो हळूहळू पुढें सरकविला. जमिनीवरून सरकणें हें पहिलें पाऊल झालें. वर जाणें हें दुसरें, आणि तें अमेरिकेंत पडलें.

ग्रिफिथ यानें १९१६ च्या 'इन्टॉलरन्स' चित्रपटासाठीं बाबिलोनचा दरबार उभा केला. एवढा विस्तार दाखवावयाचा कसा? त्यानें रुळांवर चालणारा एक उंच मनोरा बांधविला आणि त्याच्या आंत वरखालीं होणारा पाळणा बसविला. बिट्झर हा त्याचा छायालेखक पाळण्यांत कॅमेऱ्यापाशीं उभा राही. मजूर मनोरा पुढें ढकलीत आणि त्याच वेळीं पाळणा खालीं येई. ही खरी यारी नव्हे, चालतें मचाण होय. पण मनुष्यास कॅमेऱ्यासह अधांतरीं न्यावयाचें, आणि त्याचा जीव खालीं उभ्या असलेल्या दहापांच माणसांच्या एकमेळावर सोंपवावयाचा, ही कल्पना तेथें रूढ झाली. जर्मनींत १९२४ साली मुर्नाउच्या 'शेवटचा मनुष्य' या चित्रपटासाठीं कार्ल फ्रॉइंड यानें कॅमेरा स्वतःच्या छातीशीं बांधून घेतला, तेव्हां युरोपांतील कलावंतांनीं त्याची तोंडभर स्तुति केली. त्यांत धोका होता तो त्याचा एकट्याचा.

पुढें बोलपट आले आणि कॅमेरा पुनः कैदेंत पडला. त्याची घरघर ध्वनिग्राहकास ऐकूं जाऊं नये म्हणून त्यास बंद पेटाऱ्यांत कोंडीत. नेमक्या त्याच वेळीं, १९२९ सालीं, 'ब्रॉडवे' नांवाच्या बोलपटासाठीं पॉल फेयोश हा दिग्दर्शक आणि हॅल मोर हा छायालेखक यांनीं युनिव्हर्सल कंपनींत एक प्रचंड यारी बनवून घेतली. चाकांच्या गाड्यावर उभी, लांब बाहूची, चोहोंकडे फिरणारी आणि टोंकावर माणसांस बसण्यास जागा असलेली अशी ती होती. कॅमेऱ्याच्या यारीचा वंश येथून मोजण्याचा प्रघात आहे, आणि तो रास्त आहे. दहा वर्षांनीं, १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' मध्यें, स्टेशनाच्या आवारांत पडलेल्या असंख्य जखमी सैनिकांवरून कॅमेरा मागें मागें व वर वर जातो, त्या दृश्यास चित्रपटाच्या याऱ्या पुरेनात. बांधकामाची मोठी यारी आणावी लागली. तिच्या एंजिनाच्या थरथरीनें चित्र हलूं लागलें. तेव्हां काँक्रीटचा लांब उतार बांधण्यांत आला आणि एंजिन बंद ठेवून ती यारी त्या उतारावरून घरंगळूं दिली. तो प्रसंग पाहतांना आम्हांस विद्यार्थिदशेंत रडूं आलें होतें. आतां पाहतों तेव्हां उताराच्या पायथ्याशीं उभे असलेले लोक मनांत येतात.

या जुन्या याऱ्यांवर माणसें बसत, ही गोष्ट आजच्या तरुण वाचकानें ध्यानांत घेतली पाहिजे. पुढच्या टोंकास छायालेखक बसे, त्याच्या शेजारीं भिंगाचें अंतर जुळविणारा सहायक, आणि पुष्कळदां तिसऱ्या आसनावर खुद्द दिग्दर्शक. मागच्या टोंकास शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्यांची पेटी. दांडा अगदीं खालीं आणून साखळीनें जखडावयाचा. मग स्वारांनीं एकेक करून बसावयाचें आणि पट्टे बांधावयाचे. मग मागच्या माणसांनीं पेटींत एकेक पट्टी टाकीत जावयाचें. दांडा बोटानें हलूं लागला कीं थांबावयाचें. आणि तेव्हांच साखळी सोडावयाची. उतरतांना हा सर्व क्रम उलटा. दांडा खालीं आला, साखळी पडली, पट्ट्या निघाल्या, कीं मागचा मुख्य मनुष्य सांगेल तेव्हां एकेकानें उतरावयाचें. त्यानें सांगितल्यावांचून कोणींही नव्हे.

हा 'कोणींही' शब्द फार महत्त्वाचा आहे. दृश्य मनासारखें झालें, दिग्दर्शक आनंदला, आणि नटीस शाबासकी देण्यासाठीं त्यानें आसनावरून खालीं उडी मारली, तर काय होईल? ७० किलोंचें ओझें एका क्षणांत नाहींसें होईल, मागची पेटी खालीं कोसळेल, आणि शेजारीं बसलेला छायालेखक गोफणींतल्या धोंड्यासारखा वर फेंकला जाईल. उडी मारणारास खरचटणारही नाहीं. म्हणून यारीवर हुकूम चालतो तो दिग्दर्शकाचा नव्हे, वजनें टाकणाऱ्याचा. साऱ्या स्टुडिओवर ज्याचा शब्द चाले, ज्याच्या भुंवईकडे शंभर माणसें पाहात, तो मनुष्य या एका बाबतींत रोजंदारीवरच्या कामगाराच्या आज्ञेंत असे. अमेरिकेंत त्या कामगारास 'ग्रिप' म्हणतात. मुंबईच्या स्टुडिओंत त्याच्या जातीच्या लोकांस 'सेटिंगवाले' म्हणत आले आहेत. आसनांस बढती मिळाली, भिंगांस नांवें मिळालीं. या माणसास मात्र श्रेयनामावलींत जागा मिळण्यास फार काळ लागला.

ज्यास हें सारें दूरदेशचें वाटत असेल, त्यानें आमच्या जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची जत्रा आठवावी. तेथील आकाशपाळण्याचा चालक गिऱ्हाइकांस आलें त्या रांगेनें कधीं बसवीत नाहीं. एक पाळणा भरला कीं चाक अर्धें फिरवून समोरचा भरतो, आणि उतरवितांनाही तसेंच करतो. आम्ही लहान असतां 'आमचें बिऱ्हाड एकत्र बसूं द्या' म्हणून आमच्या मातोश्रींनीं त्याच्याशीं हुज्जत घातली होती. तो हंसला, पण बधला नाहीं. तरफेचें शास्त्र त्यास कोणीं शिकविलें नव्हतें. चुकल्यास काय होतें हें त्यानें कोठेंतरी पाहिलें असलें पाहिजे.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. आपल्या चित्रपटाचा पाया कलावंतांइतकाच कारागिरांनीं घातला, ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों खरी, पण तिचा अर्थ नीट ध्यानीं घेत नाहीं. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांनीं १९२० सालीं 'सैरंध्री' काढला तो स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्यानें. विष्णुपंत दामले यांचा त्या खटपटींत हात होता. व्ही. शांताराम हे चित्रपटांत येण्यापूर्वीं हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत काम करीत. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनीं सीतारामपंत कुलकर्ण्यांच्या भांडवलावर १९२९ सालीं कोल्हापुरांत प्रभात फिल्म कंपनी स्थापिली आणि १९३३ सालीं ती पुण्यास आणली. हे मालक हातांनीं काम केलेले होते. ज्यानें कारखान्यांत लोखंड उचललें आहे, त्यास लोखंडाचें भय शिकवावें लागत नाहीं. 'चंद्रसेना' या प्रभातच्या चित्रपटाशीं ट्रॉलीचें नांव नेहमीं जोडलें जातें, आणि मराठी बोलपटाचा कॅमेरा हळूहळू पाय फुटून चालूं लागला, त्याचें पुष्कळसें श्रेय शांतारामबापूंच्या हौसेस आहे, हें कोणीही मान्य करील.

परंतु या हौशीच्या मागें ट्रॉली ढकलणारे, रुळांखालीं पाचरी ठोकणारे, पाणसळ लावून जमीन सारखी आहे कीं नाहीं तें पाहणारे जे कोणी होते, त्यांचीं नांवें आम्हीं शोधलीं. हातीं कांहीं लागलें नाहीं. १९३६ सालच्या 'संत तुकारामा'स पुढील वर्षीं व्हेनिसच्या प्रदर्शनांत मान मिळाला. तुकोबांस वैकुंठास नेणारें विमान आमच्या पिढीनें जत्रेंतल्या तंबूंत पाहिलें आणि हात जोडले. त्या तंबूंत कोणीही 'हें वर कोणीं उचललें?' असें विचारलें नाहीं, आणि विचारूंही नये; चित्रपटाची मोहिनी त्यांतच आहे. पण इतिहासकारानें विचारावयास नको काय?

आपल्याकडे चित्रीकरणाच्या अपघातांचा इतिहास म्हणजे नटनट्यांच्या अपघातांचा इतिहास. 'दो आँखें बारह हाथ'च्या वेळीं बैलाशीं झुंज घेतांना शांतारामबापूंच्या डोळ्यांस इजा झाली. 'मदर इंडिया'च्या चित्रणांत बिलिमोऱ्याजवळ आग भडकली आणि सुनील दत्त यांनीं नर्गिसला तींतून बाहेर काढलें. १९८२ सालीं 'कुली'च्या मारामारींत अमिताभ बच्चन मरणाच्या दारांतून परत आले. या तीन हकीकती मराठी घराघरांत ठाऊक आहेत, आणि त्या सांगतांना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतें, तेंही खोटें नव्हे. पण १९ फेब्रुवारी २०२० रोजीं चेन्नईजवळ 'इंडियन २' या चित्रपटाच्या चित्रस्थळीं दिवे उचलून धरणारी यारी कोसळली आणि चित्रपथकांतील तिघे ठार झाले, त्यांचीं नांवें आम्हीं आमच्या वर्गांत विचारलीं तेव्हां साठ मुलांपैकीं एकासही सांगतां आलीं नाहींत. चित्रपटाचें नांव मात्र सर्वांस ठाऊक होतें. ती यारी कॅमेऱ्याची नव्हती, हें खरें. पण तिच्या खालीं उभीं होतीं तीं माणसें त्याच वर्गांतलीं होतीं.

कायदा या बाबतींत फार मागून आला. चित्रपटकामगारांच्या नोकरीचें नियमन करणारा कायदा १९८१ सालीं झाला; त्यानें लेखी करार आणि तंट्यांचा निवाडा यांची व्यवस्था केली, व ती गरजेचीच होती. २०२० सालच्या कामगार-सुरक्षेच्या संहितेंत तो सामावून घेण्यांत आला. पण पेटींत किती पट्ट्या टाकाव्या आणि कोणीं आधीं उतरावें, हें संहितेंत लिहिलेलें नसतें. तें एका हातानें दुसऱ्या हातास शिकवावें लागतें. स्टुडिओची भिंत होती तोंवर त्या भिंतीच्या आंत हें शिक्षण कसेंबसें चालत होतें. ती भिंत पडली ती एका उत्तम शोधामुळें.

हा शोध फ्रान्समध्यें लागला. १९७० च्या सुमारास लष्करी सेवेंत असलेले लावालू आणि मासरों हे दोन तरुण एका पाणबुडींत चित्रण करीत होते. तेथें माणसानें कॅमेरा घेऊन वळावयासही जागा नव्हती. तेव्हां त्यांनीं कॅमेरा एका दांड्याच्या टोंकास बांधला, आणि पुढें तो दुरून फिरविण्याची व दुरून पाहण्याची युक्ति काढली. दोघांच्या नांवांतील अक्षरें जुळवून त्या यारीचें नांव 'लूमा' पडलें. १९७६ च्या 'द टेनंट'मध्यें पोलान्स्कीनें ती वापरली, आणि थोड्याच वर्षांत साऱ्या जगानें. आतां यारीवर कोणी बसेना. मनुष्य उडून जाण्याची भीति संपली. इतका जीवरक्षक शोध या व्यवसायांत दुसरा क्वचितच झाला असेल.

परंतु त्याचाच दुसरा परिणाम असा झाला कीं, माणसांचें ओझें गेल्यामुळें यारी हलकी झाली, हलकी झाल्यामुळें स्वस्त झाली, आणि स्वस्त झाल्यामुळें स्टुडिओच्या फाटकांतून बाहेर पडून टेंपोंत बसून उमरीस आली. यंत्र आलें, यंत्राबरोबर जो मनुष्य यावयाचा तो मागें राहिला. पूर्वीं स्वार स्वतःच्या जिवाच्या भीतीनें तरी नियम पाळीत. आतां चालवणारा मागच्या टोंकाजवळ सुरक्षित उभा असतो, आणि दांड्याखालीं असतात वऱ्हाडी मंडळी, ज्यांनीं यारीचें नांवही ऐकलेलें नसतें.

लग्नानंतर आठवड्यानें आम्हीं त्या दोघां पोरांस घरीं बोलाविलें. आरंभीं ते भ्याले. झालरीचे पैसे मागणार असें त्यांस वाटलें. चहा झाल्यावर थोरला मोकळेपणीं बोलूं लागला. यंत्र त्यानें कर्ज काढून घेतलें. जोडणी मोबाइलवरील चित्रफिती पाहून शिकला. दांड्याबरोबर आलेल्या वजनांपैकीं दोन हरवलीं, म्हणून व्यायामशाळेंतल्या चकत्या आणल्या. त्यांचें भोंक मोठें असल्यामुळें त्या गजावर सैल बसतात, आणि गजाच्या टोंकाची खीळही केव्हांच हरवली आहे. हें तो लपवीत नव्हता; त्यांत लपविण्यासारखें कांहीं आहे हेंच त्यास ठाऊक नव्हतें. तो हुशार मुलगा आहे. तरफेचा हिशेब आम्हीं कागदावर मांडला तेव्हां आमची एक बेरीज त्यानें दुरुस्त केली.

मामांसही आम्हीं बोलाविलें होतें. त्यांनीं यंत्राकडे पाहून जे प्रश्न केले ते आमच्या डोक्यांत कधींच आले नसते. हिरवळीवर सकाळीं पाणी मारतात, मग संध्याकाळपर्यंत जमीन भुसभुशीत राहते. तिपाईचे पाय तींत एका बाजूनें रुतले तर? पोरानें कबूल केलें कीं एकदां तसें झालें होतें. पायांखालीं रुंद फळ्या घाल, असें मामांनीं सांगितलें. कापसाचा कांटा पावसाळ्यांत ते तसाच मांडीत. वळवाचा वारा सुटला तर? लांब दांडा वाऱ्यास बाजूनें सांपडतो, आणि तोल वजनाचा असतो, वाऱ्याचा नसतो. अशा वेळीं दांडा खालीं आणून बांधून ठेवावा, मग यजमान कितीही ओरडोत. यजमान म्हटल्यावर मामांनीं आमच्याकडे पाहिलें. आम्ही चहाचा पेला उचलला.

विजेच्या तारांची गोष्ट मात्र आम्हांस सांगावी लागली. दांडा धातूचा आहे. आमच्या गांवांतून ११ किलोव्होल्टच्या तारा जातात, त्यांस दांडा टेंकला पाहिजे असें नाहीं. पुरेसा जवळ गेला तरी वीज मधली हवा ओलांडून येते, आणि यंत्र धरणाऱ्या हातांतून जमिनींत उतरते. अमेरिकेंत बांधकामाच्या यारीस ५० किलोव्होल्टपर्यंतच्या तारेपासून किमान १० फूट दूर राहण्याचा नियम आहे. तेथें मोजणारा मनुष्य वेगळा नेमतात. उमरींत मोजणारा तोच, चालवणारा तोच, आणि अंधार पडल्यावर झगमगीत दिव्यांमागें तार दिसत नाहीं ती त्यासच. म्हणून जागा दिवसाउजेडीं पाहून ठेवावी, एवढाच उपाय आम्हांस सुचला.

शेवटीं उतरविण्याचा क्रम त्या दोघांनीं आमच्या अंगणांत करून दाखविला. पुढचें टोंक खालीं आणून जमिनीवर टेंकविलें. धाकटा त्यावर हात दाबून बसला. थोरल्यानें मागच्या चकत्या एकेक करून काढल्या. आणि सर्व निघाल्यावर 'हं' म्हटलें, तेव्हां धाकट्यानें कॅमेऱ्याचा स्क्रू सैल केला. मामा पायरीवर बसून पाहत होते. त्यांनीं दुसऱ्यांदा करावयास सांगितलें, मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळीं धाकटा कंटाळून हात काढूं लागला, तेव्हां मामा एवढ्या मोठ्यानें ओरडले कीं शेजारच्या घरांतील माणसें बाहेर आलीं.

पुढील महिन्यांत धर्माबादेच्या बाजूस आमच्या एका स्नेह्यांच्या मुलाचें लग्न आहे, आणि चित्रणाचें काम याच पोरांकडे आहे. कार्यालयाच्या हिरवळीवरून तार जाते कीं काय, तें पाहून येण्यासाठीं थोरला आज सकाळच्या गाडीनें गेला आहे. नवीन खीळ लोहाराकडे करावयास टाकली आहे; ती घेऊन येण्याचें काम त्यानें आमच्याकडे सोंपविलें आहे.